मारेगावची हिरवी शेंग

यवतमाळहून वणीकडे जाणारा रस्ता करंजीजवळ नागपूर-हैदराबाद महामार्ग ओलांडतो आणि पूर्वेकडे उतरू लागतो. वणीच्या अलीकडे साधारण वीस किलोमीटरवर मारेगाव लागते. भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला मोटारीने निघालेली यवतमाळ, दारव्हा, दिग्रस या बाजूंची पुष्कळ कुटुंबे याच रस्त्याने जातात. मारेगावात गाडी थांबते ती फार तर पाण्यासाठी. मग वणी, पुढे वर्धा नदीचा पूल, वरोरा आणि भद्रावती. ज्या गावांची नावे प्रवाशाला पाटीवरून पाठ असतात, पण जेथे उतरण्याचे कारण कधी सापडत नाही, अशा गावांपैकी हे एक.

भाद्रपदात मात्र येथे खिडकीची काच खाली करावी. पावसाने धुतलेल्या काळ्या जमिनीवर दोन्ही बाजूंना कंबरेपर्यंत आलेले सोयाबीन उभे असते. मधूनमधून तुरीच्या ओळी आणि त्यापलीकडे कपाशीचे गडद पट्टे. सोयाबीनची पाने तिहेरी, रुंद आणि दाट असल्यामुळे शेंगा रस्त्यावरून दिसत नाहीत. धुऱ्यावर उतरून पाने बाजूला सारली की खोडाला चिकटून घोसाघोसाने लागलेल्या चपट्या हिरव्या शेंगा दिसतात. एकेका शेंगेत दोन किंवा तीन दाणे. या शेंगेकडे विकण्याचा माल म्हणून सारा तालुका पाहतो. खाण्याचा पदार्थ म्हणून तिच्याकडे पाहणारे फार थोडे. या लेखाचा विषय ही दुसरी दृष्टी आहे.

मारेगाव हे तालुक्याचे ठिकाण असले तरी त्याचा संसार जुन्या वणी परगण्याशी जोडलेला आहे. आज ज्याला यवतमाळ जिल्हा म्हणतात त्याचे इंग्रजी अमदानीतील नाव वणीवरून पडलेले होते; ‘वून’ जिल्हा असे ते लिहिले जाई. १९०५ मध्ये यवतमाळ हे नाव आले. वणीच्या बाजूला जमिनीखाली कोळसा आणि जमिनीवर कापूस, अशी या मुलखाची दुहेरी श्रीमंती. मारेगावच्या वाट्याला मुख्यतः वरची जमीनच आली आहे. आसपासच्या टेकाडांवर कोलाम आणि गोंड बांधवांचे पोड व वस्त्या आहेत. गावात तहसील कचेरी, बँकांच्या शाखा, कृषी केंद्रांची रांग, एस.टी.चा थांबा आणि आठवडी बाजार. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बियाणे आणि खत, ऑक्टोबरपासून काटा आणि पोती, या दोन टोकांमध्ये येथील दुकानदारीचे वर्ष बसते. पीककर्जाची उचल मृगाच्या आधी आणि परतफेडीची चिंता दिवाळीनंतर, हेही त्याच वेळापत्रकात आले.

सोयाबीन हे या भागातील जुने पीक नव्हे. वऱ्हाडच्या जुन्या हिशेबवह्यांत कापूस, ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, जवस ही नावे येतील. सोयाबीनने विदर्भात पाय रोवले ते गेल्या तीन-चार दशकांत. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाने दिलेल्या जेएस ३३५ या वाणाने या प्रसाराला मोठा हातभार लावला. शंभर दिवसांच्या आत हाती येणारे, वेचणीचा खर्च नसलेले आणि मागे हरभऱ्याला जमीन मोकळी करून देणारे पीक म्हणून शेतकऱ्याने ते स्वीकारले. कापसाची वेचणी महिनोन्‌महिने चालते. सोयाबीन एकदा कापले, मळणी यंत्रातून काढले की पैसा मोकळा. दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरात रोख येण्याचा तो एक मार्ग झाला.

भावाची गोष्ट व्यापारी वाचकांना वेगळी सांगायला नको. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेले होते. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि नवा माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव ५,३२८ रुपये होता, पण हमीभाव आणि काट्यावरचा भाव यांत अंतर पडते हे उभय पक्षांना ठाऊक असते. त्यात परतीचा पाऊस. ऑक्टोबरमध्ये कापलेले पीक शेतात भिजले की दाणा काळवंडतो आणि ओलावा वाढतो. खरेदी केंद्रावरील ओलाव्याची मर्यादा बारा टक्के. २०२४ च्या हंगामात ती पंधरापर्यंत शिथिल करावी लागली होती. या तीन टक्क्यांसाठी शेतकऱ्याने किती रात्री ताडपत्री ओढली असेल त्याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत नसतो.

हे धान्य पुढे जाते कोठे? तेलगिरणीत. एका क्विंटलमधून साधारण अठरा किलो तेल निघते आणि ऐंशी किलोच्या आसपास पेंड उरते. तेल डब्यात भरून किराणा दुकानात परत येते. पेंड, जिला व्यापारात ‘डीओसी’ म्हणतात, तिचा मोठा हिस्सा कोंबडीखाद्यात जातो. सोयाबीनमधील प्रथिने या पेंडीत असतात, तेलात नव्हे. म्हणजे ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार पाळला जातो आणि जेथे हल्ली डॉक्टर मुलांच्या व ज्येष्ठांच्या आहारात प्रथिने कमी पडतात असे वारंवार सांगतात, त्याच घरांच्या दुकानावरून हजारो पोती प्रथिने कुक्कुटपालनाकडे रवाना होतात. घरात येते ते फक्त तेल. व्यापारात यात काही वावगे नाही. माल जेथे मागणी तेथे जाणार. पण हाताखालून इतके धान्य जाते आणि ताटात त्याचा एक दाणाही येत नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

हा विचार वैदर्भीय मातीत पूर्वी एकदा झाला होता. मारेगावहून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या वर्ध्याला, मगनवाडीत. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या या जागेत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या या संघाचे सचिव जे. सी. कुमारप्पा होते. १९३५ मध्ये गांधीजी तेथे राहत होते आणि खेड्यातील माणसाला स्वस्तात सकस अन्न कसे मिळेल हा त्यांचा ध्यास होता. हातसडीचा तांदूळ, गूळ, हिरवा पाला यांबरोबर सोयाबीनचाही प्रयोग मगनवाडीच्या स्वयंपाकघरात झाला आणि ‘हरिजन’ साप्ताहिकातून त्याविषयी लिहिले गेले. त्याच काळात बडोदा संस्थानही सोयाबीनच्या प्रचारात रस घेत होते, एफ. एस. काळे यांचे सोयाबीनवरील सविस्तर इंग्रजी पुस्तक १९३६ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाले. तेव्हा विदर्भात सोयाबीनची शेते नव्हती, पण त्याला अन्न मानणारी माणसे होती. आज नव्वद वर्षांनी शेते क्षितिजापर्यंत आहेत. मगनवाडीचा प्रयोग न टिकण्याची कारणे कोणी काहीही सांगो, एक कारण स्वयंपाकघरात उभे राहणाऱ्या कोणालाही समजेल. वाळलेले सोयाबीन शिजायला फार वेळ घेते आणि त्याला एक उग्र, कच्चट वास असतो. तुरीच्या वरणावर वाढलेल्या जिभेला तो रुचत नाही.

पूर्वेकडील देशांनी हा प्रश्न दोन प्रकारे सोडवला. एक म्हणजे दाणा वाळवून, दळून, आंबवून त्याचे रूप पालटणे. टोफू हा न आंबवता केलेला प्रकार. सोया सॉस आणि मिसो हे आंबवलेले. दुसरा मार्ग अगदी साधा. दाणा वाळूच द्यायचा नाही. शेंग हिरवी, भरलेली असतानाच तोडायची, मिठाच्या पाण्यात उकडायची आणि दाणे काढून खायचे. जपानमध्ये याला एदामामे म्हणतात. ‘एदा’ म्हणजे फांदी आणि ‘मामे’ म्हणजे दाणा. फांदीसकट शेंगा विकण्याच्या जुन्या पद्धतीवरून हे नाव पडले. चीनमध्ये शेंगेवरील लवेमुळे तिला ‘केसाळ दाणा’ अशा अर्थाचे नाव आहे. आज मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांतील शीतपेट्यांत एदामामेची गोठवलेली पाकिटे मिळतात आणि आरोग्याविषयी जागरूक तरुण मंडळी ती चढ्या भावाने घेतात. मारेगावच्या धुऱ्यावर जी शेंग हाताला लागते तिची जात हीच. तुरीच्या ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून सारे कुटुंब परातीभोवती बसते, ती रीत तर वऱ्हाडात घरोघरी आहेच. एदामामे म्हणजे तीच रीत, शेंग वेगळी.

एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. भाजीसाठीचे सोयाबीन आणि तेलासाठीचे सोयाबीन यांचे वाण निराळे. भाजीच्या वाणाचे दाणे चांगले टपोरे असतात. शंभर वाळलेल्या दाण्यांचे वजन तीस ग्रॅमच्या पुढे जाते. येथील नेहमीच्या वाणांचे ते बारा-तेरा ग्रॅमच्या आसपास भरते. भाजीच्या वाणात गोडवाही अधिक. भारतातही असे वाण तयार झाले आहेत. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या रांची येथील केंद्राचे ‘स्वर्ण वसुंधरा’, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचे ‘करुणे’ आणि इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचे ‘एनआरसी १८८’ ही त्यांची नावे. मारेगावच्या शेतात यांपैकी काही शोधायला जाऊ नये. तेथे मिळेल तो तेलाचाच दाणा, लहान आणि थोडा कमी गोड. तरीही ताजी शेंग तोडल्यापासून तासाभरात उकडली तर ती गोठवलेल्या पाकिटाला हार जात नाही, कारण तोडल्यानंतर दाण्यातील साखर झपाट्याने कमी होत जाते. ताजेपणा हा लहान गावाचा मोठा फायदा आहे.

शेंग केव्हा तोडावी याचे गणित सोपे आहे. जूनच्या अखेरीस पेरलेले पीक सप्टेंबरच्या मध्यास या अवस्थेला येते. दाण्याने शेंगेची पोकळी जवळजवळ भरलेली असावी, दाबल्यावर दाणा टणक पण रसदार लागावा आणि शेंग गर्द हिरवी असावी. पिवळटपणा दिसला की वेळ टळली. ही संधी जेमतेम आठ-दहा दिवसांची असते.

पंचांगात हे दिवस कोठे पडतात ते पाहण्यासारखे आहे. श्वेतांबरांचे पर्युषण भाद्रपद शुद्ध चतुर्थी-पंचमीच्या सुमारास संवत्सरीने संपते आणि तेथून अनंत चतुर्दशीपर्यंत दिगंबरांचे दशलक्षण पर्व चालते. बहुतेक घरांत या काळात हिरवे वर्ज्य. बहुतेक वर्षी पर्व संपते आणि शेंग भरते, किंवा दोन्ही एकाच आठवड्यात येतात. क्षमापना झाली, तपस्वींची पारणी झाली, घर पुन्हा नेहमीच्या जेवणाकडे वळले की त्याच सुमारास मारेगावची शेंग तयार असते. अधिक मास आला तर हे गणित पुढे सरकते आणि एखाद्या वर्षी शेंगेची संधी पर्वातच निघून जाते. तेव्हा ती सोडून द्यावी. चातुर्मासात अष्टमी-चतुर्दशीला हिरवे न खाणाऱ्यांनी तिथी पाहून बेत करावा, हे ओघाने आलेच.

आता जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती. शेंग कोणाच्या वावरातील आहे आणि तिच्यावर काय फवारले आहे? सोयाबीनवर चक्री भुंगा येतो, खोडमाशी येते, उंट अळी आणि पाने खाणाऱ्या अळ्या येतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे फवारणीचे महिने असतात. २०१७ मध्ये याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले, हे जिल्ह्यातील कोणीही विसरलेले नाही. जे औषध पाठीवरच्या पंपातून उडून माणसाला मारू शकते, ते फवारलेल्या शेंगेवरून ताटात येऊ देणे शहाणपणाचे नव्हे. प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जावेत ते छापलेले असते. सोयाबीनवरील काही औषधांच्या बाबतीत हे अंतर महिन्याच्या घरात जाते. हिरवी शेंग वाळलेल्या दाण्याच्या तीन-चार आठवडे आधी तोडायची असल्यामुळे, धान्यासाठी जे वेळापत्रक सुरक्षित ते शेंगेसाठी सुरक्षित असतेच असे नाही. अनेक औषधे झाडाच्या रसात भिनतात. ती धुऊन जात नाहीत.

उपाय एकच आहे आणि तो दुकान व शेत यांच्या जुन्या नात्यात आहे. मारेगावसारख्या गावात अडत्या आणि शेतकरी एकमेकांना नावाने, वडिलांच्या नावाने, वावराच्या नावाने ओळखतात. बियाणे नेतानाच, जूनमध्ये, सांगून ठेवावे की धुऱ्यालगतचे दोन तास न फवारता ठेवा. (पिकाच्या ओळीला इकडे तास म्हणतात, घड्याळाशी संबंध नाही.) या दोन तासांवर अळी थोडी जास्त लागेल, काही शेंगा किडतील, आणि फवारणीचे तुषार वाऱ्याने येऊ नयेत म्हणून मधल्या काही ओळीही फवारणीशिवाय सोडाव्या लागतील. त्याचा मोबदला शेतकऱ्याला रोखीने द्यावा. वाळलेल्या दाण्याच्या भावाने नव्हे, भाजीच्या भावाने. हिरव्या शेंगेत पाणी असल्यामुळे तिचे वजन वाळलेल्या दाण्याच्या कितीतरी पट भरते, तिला मळणीचा खर्च नाही, परतीच्या पावसाची भीती नाही, ओलावा मोजणारे यंत्र तिच्यापुढे निरुपयोगी आहे. दोन ओळींनी कोणाचे कर्ज फिटणार नाही हे खरे. पण पोळा होऊन गेला आहे, दसरा यायचा आहे आणि हातात काही नाही, अशा दिवसांत चार-पाचशे रुपयेही घरात दिसतात. “फवारलं नाही जी, शेटजी, पाहून घ्या,” असे म्हणत शेतकरी पिशवी पुढे करतो, तेव्हा त्या वाक्यावर विश्वास ठेवता येण्यासाठी गिऱ्हाइकाने आधी त्याची किंमत मोजलेली असावी लागते.

न फवारलेल्या शेंगेत अळी असण्याची शक्यता अधिक, म्हणून जीवदयेच्या दृष्टीनेही निवडणे महत्त्वाचे. छिद्र असलेली, डाग असलेली शेंग उकडायला घेऊच नये. ती शेतातच राहू द्यावी. बाकीच्या उजेडात धरून पाहाव्यात. हे काम घाईचे नाही आणि चष्मा लावलेल्या आजीकडून ते सर्वांत चांगले होते.

उकडताना दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली : सोयाबीन कच्चे खाऊ नये. हरभऱ्याचा घाटा किंवा मटार शेतात उभ्या उभ्या तोंडात टाकतात तसे येथे चालत नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारा एक घटक असतो आणि तो चांगल्या उष्णतेनेच निष्क्रिय होतो. दुसरी : शेंगा आधी सोलू नयेत, आणि पाणी खळखळ उकळल्यावरच त्यात टाकाव्यात. कच्चा दाणा दुखावला, त्याला पाणी लागले की त्यातील एक विकर कामाला लागते आणि तोच उग्र वास निर्माण होतो ज्याने मगनवाडीच्या काळापासून लोकांना सोयाबीनपासून दूर ठेवले. उकळते पाणी त्या विकराला संधीच देत नाही. स्वयंपाकात क्रमाला इतके महत्त्व असलेली उदाहरणे थोडीच.

चार माणसांसाठी एक किलो शेंगा पुरतात. दाणे साधारण निम्मे निघतात, वाणागणिक थोडे कमी-जास्त. तीन लिटर गाळलेल्या पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून ते उकळावे, शेंगा टाकाव्यात आणि झाकण न ठेवता पुन्हा उकळी आल्यापासून बारा ते पंधरा मिनिटे शिजवाव्यात. पाकिटातील एदामामेवर पाच मिनिटे लिहिलेली असतात, पण ते दाणे आधीच वाफवलेले असतात. येथील ताज्या दाण्याला ती वेळ पुरत नाही. दाणा बोटांत दाबून सहज मऊ झाला की शेंगा चाळणीत ओतून त्यावर गार पाणी टाकावे, म्हणजे हिरवा रंग टिकतो. मग शेंगेचे टोक दाबले की दाणे आपोआप बाहेर पडतात. साल चिवट असते. ती गाईला द्यावी.

आता कोशिंबीर. पूर्वेकडच्या पाककृतींत येथे सोया सॉस, तांदळाचा व्हिनेगर, आले, लसूण, कांद्याची पात आणि मध अशी यादी येते. जैन स्वयंपाकघरात त्यातील जवळजवळ सर्व नावे गळतात. सॉस आणि व्हिनेगर आंबवलेले, आले-लसूण-कांदा जमिनीखालचे, मध तर वर्ज्यच. उरते काय, असा प्रश्न पडेल. पुष्कळ उरते. आंबटपणाला लिंबू, गोडाला गूळ, आल्याच्या तिखटपणाला सुंठ, खारटपणाला सैंधव, आणि ज्याच्यावाचून ही चव पूर्वेकडची वाटणार नाही ते तीळ. लसणाची जागा हिंगाने भरण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. या थंड पदार्थात ती टाळावी. फोडणीवाचून हिंग सगळ्यांच्या वर बसतो.

चिनी-जपानी तिळाच्या तेलाला जो खमंग वास असतो तो भाजलेल्या तिळातून तेल काढल्यामुळे येतो. आपल्याकडचे घाण्याचे तेल कच्च्या तिळाचे, म्हणून सौम्य. त्यावर तोड अशी : दोन मोठे चमचे पांढरे तीळ मंद आचेवर चांगले तांबूस होईपर्यंत भाजावेत, निम्मे खलबत्त्यात कुटावेत आणि एक मोठा चमचा तिळाचे तेल किंचित कोमट करून त्यात ती पूड मिसळावी. दोन लिंबांच्या रसात एक मोठा चमचा चिरलेला गूळ विरघळवून घ्यावा. त्यात पाव चमचा सुंठ, अर्धा चमचा जाडसर कुटलेली लाल मिरची, चवीपुरते सैंधव आणि ते तीळतेल घालून फेटावे. वऱ्हाडी हात थोडी भाजलेली जवस भरडून त्यात टाकल्यावाचून राहणार नाही, आणि टाकावीच.

दोन काकड्यांचे बारीक तुकडे, एका ढोबळी मिरचीच्या पातळ कापा, वाटीभर किसलेली कच्ची पपई आणि मूठभर भाजून भरडलेले शेंगदाणे हे दाण्यांबरोबर मोठ्या भांड्यात घ्यावे. कच्ची पपई ही थायलंडकडची आठवण. काकडी तर भाद्रपदात मारेगावच्या बाजारात ढिगाने असते. वाढण्याच्या आधी रस ओतून हलक्या हाताने कालवावे, वर उरलेले अख्खे तीळ. आधी कालवून ठेवले तर काकडी पाणी सोडते आणि सगळा खमंगपणा तळाशी जातो.

काही घरांत यावर दही घालण्याचा मोह होईल. येथे एक जुना, मौजेचा प्रश्न उभा राहतो. ज्या धान्याची दोन दळे होतात आणि ज्यातून तेल निघत नाही ते द्विदल, आणि ते कच्च्या दह्या-ताकाबरोबर खाऊ नये, अशी व्याख्या घरोघरी सांगितली जाते. शेंगदाण्याला त्यामुळे सवलत मिळते. सोयाबीनची दळेही दोन होतात आणि गिरण्या त्याच्या तेलावरच चालतात. दिसायला कडधान्य, बाजारात तेलबी. कोणत्या बाजूला धरावे हे ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारावे. लिंबाचा रस वापरला की प्रश्नच उद्भवत नाही, आणि चवीलाही तो अधिक चांगला.

शंभर ग्रॅम उकडलेल्या हिरव्या दाण्यांत सुमारे बारा ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच मटारात पाचच्या आसपास. तंतूही भरपूर. लिंबाच्या रसाने त्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे आणि डॉक्टरांना विचारावे. ज्यांना सोयाबीनची अॅलर्जी आहे त्यांनी अर्थातच दूर राहावे. पहिल्या दिवशी वाटीभरापेक्षा जास्त खाऊ नये, पोट जड होते.

सप्टेंबरच्या मध्यास मारेगावला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. दुकानावरून उठून, हातपाय धुऊन, सूर्यास्ताआधी जेवण उरकणाऱ्या घराला संध्याकाळचा वेळ किती तोकडा असतो हे सांगायला नको. अशा वेळी दुपारी उकडून सोलून ठेवलेले दाणे असले तर ही कोशिंबीर दहा मिनिटांत होते, आणि ज्वारीच्या एका भाकरीबरोबर ते पूर्ण जेवण ठरते. भद्रावतीला निघालेल्या यात्रेकरूंनाही नुसत्या उकडलेल्या, मीठ लावलेल्या शेंगा डब्यातून नेता येतात. मात्र त्या त्याच दिवशी संपवाव्यात. रात्रभर ठेवलेला पदार्थ न खाणाऱ्यांसाठी तर हा नियम आधीपासून आहे. इतरांनीही भाद्रपदाच्या दमट हवेत तो पाळावा, कारण उकडलेला दाणा लवकर बुळबुळीत होतो.

दसरा जवळ येतो तशी पाने पिवळी पडून गळू लागतात. उघडी पडलेली शेंग आधी तपकिरी होते, मग वाऱ्याने खडखडते. वणीकडून मळणी यंत्रे येऊ लागतात, दुकानासमोर काटा मांडला जातो, आणि पहिल्या पोत्यात मूठ घालून दाणा दाताखाली फोडून पाहणारा अडत्या ओलावा सांगतो.